पायरी, उंबरठा, कोनाडा, कवेलू

वैनगंगेकाठच्या मुलांसाठी एक थरारक कादंबरी लिहायची हे मनात आलं, तेव्हा माझ्याजवळ गोष्ट नव्हती. दोन भावंडं तेवढी होती. थोरली सोळा वर्षांची, दहावी होऊन अकरावीत गेलेली. धाकटा अकरा वर्षांचा. मायबाप नागपूरला दवाखान्यात, घरात दुसरं मोठं माणूस नाही, आणि रात्रीतून पाणी चढतंय. पुढचं सगळं शोधायचं होतं. ते कसं शोधलं हे जरा सविस्तर लिहिते, कारण मुलांसाठी लिहायची इच्छा असलेले पुष्कळ शिक्षक पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मला माहीत आहेत आणि त्यांनी लिहावं असं मला फार वाटतं.

मी ब्रह्मपुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या पुस्तकपेटीत साहसकथांची पुस्तकं सगळ्यांत आधी फाटतात, इतकी ती हातोहात फिरतात. पण मी वाचलेल्या त्या गोष्टींतली मुलं बहुतेक शहरातून येतात. सुट्टीत मामाच्या गावी येतात, किल्ल्यावर नाहीतर जंगलात जातात, चोर पकडतात आणि परत जातात. गावातला पोरगा त्यांना वाट दाखवतो, आणि पुढच्या प्रकरणात तो दिसतही नाही. माझ्या वर्गातली मुलं मार्च-एप्रिलात अंधार असतानाच मायसोबत मोहफुलं वेचायला निघतात. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलातून पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या पोचवतात. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहते. वाट दाखवणारा तो पोरगा आणि त्याला कडेवर घेऊन वाढवणारी त्याची बहीण, या दोघांना मला गोष्टीच्या मधोमध आणायचं होतं.

पुराबद्दल वेगळा विचार करावा लागला नाही. २०२० च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते. बाघ, बावनथडी, कन्हान, चुलबंद पोटात घेत खाली येते. वर कोसळलेल्या पावसाचं पाणी आधी संजय सरोवरातून आणि मग पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणातून आमच्याकडे येतं. त्या धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि तेव्हा ते सगळे उघडले गेले. आमच्या गावात पाऊस थांबलेला होता. अंगणात ऊन होतं, दोरीवर कपडे वाळत होते, आणि नदी तासातासाला वर येत होती. पाऊस नसताना येणारा पूर ज्याने पाहिलाय त्याला थरार शोधायला दुसरीकडे जावं लागत नाही.

कादंबरीत मी साल लिहिलेलं नाही, पण रात्र तीच घेतली आहे: अनंत चतुर्दशीच्या दोन-तीन दिवस आधीची. मंडपात गणपती बसलेले, पंचांगाप्रमाणे चंद्र जवळजवळ पूर्ण. म्हणजे रात्रीचा मोठा भाग उजेडाचा, आणि चंद्र मावळला की उजाडेपर्यंतचा वेळ गच्च काळोखाचा. सगळ्यांत अवघड प्रसंग कुठे ठेवायचा हे मला पंचांगानेच सांगितलं. माझ्या मते थरारकथा लिहिणाऱ्याने कल्पना लढवायच्या आधी अशी साधी चौकशी करावी. त्या रात्री चंद्र किती होता, शेतात कोणतं पीक किती उंच होतं, रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, शेवटची गाडी कधी गेली.

मग लोकांकडे जाऊन बसले. पूर म्हटलं की नदीकडून लाट येईल असं वाटतं. आमच्याकडे पाणी पाठीमागून येतं. नदी फुगली की तिला मिळणारा नाला मोकळा होत नाही. नदीचा दाब बसतो आणि नाला उलटा भरू लागतो. काठाला लागून असलेली जमीन वर्षानुवर्षांच्या गाळाने उंच झालेली असते, तिच्या मागच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सखल. त्यामुळे नदीकडे पाठ करून पळणारा माणूस आधी पाण्यात सापडतो. आवाजही फार होत नाही. धुऱ्याधुऱ्यावरून, म्हणजे बांधाबांधावरून, पाणी सरकत येतं, धानाचे शेंडे दिसेनासे होतात, आणि नाल्यावरचा रपटा बुडाला की गाव तुटलं. रपट्यावर पाणी गुडघाभर दिसलं तरी त्याची ओढ मोठ्या माणसाचे पाय उचलते. हे कळलं आणि माझ्या गोष्टीचा नकाशा तयार झाला. उंचावरची शाळा सुरक्षित, पण ती रपट्यापलीकडे.

भावंडं घरात अडकतात त्याला कारण बैल. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून शाळेत जायला सांगितलं जातं. थोरली कागदपत्रांची पिशवी घेते, भावाचा हात धरते आणि निघते. अर्ध्या वाटेत धाकटा हात सोडवून मागे पळतो, कारण गोठ्यात दोन बैल बांधलेले आहेत आणि दावं सोडलं नाही तर ते उभ्या जागी मरतील. थोरली त्याला गाठते तोवर रपटा बुडालेला असतो. ती त्याच्या थोबाडीत मारते. संपादकांना ती चापट खटकली होती. एवढा जीव लावणारी बहीण मारेल का, असं त्यांनी विचारलं. मी ठाम राहिले. जीव लावणारीच मारते, आणि मारल्यावरही दुसरं दावं सोडायला तीच गोठ्यात शिरते.

इथून पुढची प्रकरणं मी घड्याळाने नाही, पाण्याने मोजली. पायरी, उंबरठा, चूल, कोनाडा, माळा, आणि शेवटी छपरावरची कवेलू. प्रत्येक प्रकरणाचं नाव म्हणजे पाणी पोचलं ती जागा. ही युक्ती धाकट्यामुळे सुचली. पहिल्या खर्ड्यात तो नुसता रडत होता. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो पोट्टा कायीच करत नाही काहून? आमचा भाऊ तर लय कामाचा हाय." तिचं म्हणणं मला मनापासून पटलं. मग धाकटा कोळसा घेऊन भिंतीवर रेघ मारायला लागला. एक रेघ, थोड्या वेळाने दुसरी. दोन रेघांमधलं अंतर कमी होतंय की वाढतंय, हे तो बोटांनी मोजतो आणि ताईला सांगतो. "ताई, पानी वर येऊन राहिलं, पन आता हळू." पूर्ण कादंबरीत पाण्याचा खरा अंदाज त्यालाच आहे. तो मागे राहणारा, सांभाळायचा जीव उरला नाही, आणि गोष्ट एकदम दोघांची झाली.

घर मातीच्या भिंतींचं आहे. अशा भिंती भिजल्या की खालून फुगतात आणि बसतात. कधी पाणी चढताना, कधी ओसरताना. म्हणजे कवेलूवर चढून बसलं तरी जीव वाचेलच असं नाही. परसातल्या मोहाच्या झाडापर्यंत जावंच लागणार. हे अंतर दोघांनी कसं पार करायचं यावर मी फार काळ अडून होते. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, दोघं एका कासऱ्याला कमरेशी बांधलेली. मुखपृष्ठावरही तेच शोभेल असं वाटे. लिहायच्या आधी नदीवर डोंगा (लहान होडी) घालणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवरबाबांना विचारलं. ते म्हणाले, "असं नोको लिहू बाई. पोट्टे वाचतील आन करतील." वाहत्या पाण्यात दोर कुठेतरी अडकतो, एकाचा पाय गुंततो आणि दोघं खाली जातात. दोर झाडाला बांधावा, हाताने धरावा, सुटला तर सुटू द्यावा, कमरेला गाठ मारू नये. तरंगायला घरातले रिकामे तेलाचे कॅन घ्यावे, झाकणं घट्ट लावून एकत्र बांधावे आणि छातीखाली धरावे. मी सगळं तसंच लिहिलं. थोरली घाबरून भावाला स्वतःशी बांधायला जाते आणि मग तिला नदीवरच्या आजोबांचं बोलणं आठवतं; ती गाठ सोडते. ते पान मी पुन्हा वाचते तेव्हा मला ते बांधण्यापेक्षा जास्त प्रेमाचं वाटतं.

आता वाघाबद्दल. ब्रह्मपुरीतली कादंबरी म्हटल्यावर प्रत्येकाने विचारलं, वाघ कुठे आहे? ताडोबा जवळ आहे, आणि ताडोबाच्या हद्दीबाहेरही आमच्या वनविभागात वाघ आहेत, शेतात आहेत, नाल्यात आहेत. मी वाघ आणला नाही. मोहफुलं वेचताना, सरपण आणताना घरचं माणूस गेलेली मुलं या भागातल्या शाळांत बसतात. त्यांच्यासमोर अंगावर काटा यावा म्हणून वाघाची डरकाळी वाचून दाखवणं मला जमणार नाही. वाघावर लिहायचं तर त्या घरांसाठी वेगळं, पूर्ण पुस्तक लिहावं लागेल.

शिवाय पुरात खरा शेजारी साप असतो. झाडावर माणूस चढतो तसा तोही चढतो, त्यालाही जीव वाचवायचा असतो. कादंबरीतलं सगळ्यांत लांब प्रकरण त्या मोहाच्या फांदीवर घडतं. चंद्र मावळलाय. धाकटा म्हणतो, "ताई, पायाले कायीतरी टोचलं." फांदीवर काळपट काहीतरी सरकून गेल्यासारखं वाटलं, पण खात्री नाही. मोबाईलला रेंज नाही, बॅटरी संपत आलेली.

या प्रसंगासाठी मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे बसले. त्यांनी जे सांगितलं त्याने प्रकरण आतून बदललं. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश बरेचदा दुखत नाही, सूज येत नाही, खूण नीट दिसत नाही. काही वेळाने पापण्या जड होतात, डोळे उघडे राहत नाहीत, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. आता विचार करा. रात्रभर जागलेलं, भिजलेलं, थंडीने काकडलेलं अकरा वर्षांचं पोर डोळे मिटू लागलं तर ती झोप की विष? थोरलीला हे कळायला मार्ग नाही. ती त्याला डोळे मोठे करायला लावते, पाढे म्हणायला लावते, थुंकी गिळायला सांगते. तेराच्या पाढ्यात तो चुकतो. तो तेराच्या पाढ्यात नेहमीच चुकतो. ती ओळ लिहिताना माझे हात थरथरत होते हे मी प्रामाणिकपणे सांगते. चिरा देणं, रक्त चोखणं, पाय घट्ट आवळणं यातलं तिने काहीही करायचं नाही, हे मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाळलं. ती फक्त त्याला हलू देत नाही आणि बोलतं ठेवते.

आणि इथेच तो प्रश्न येतो ज्यासाठी मी ही कादंबरी लिहिली, असं आता वाटतं. थोरलीला पोहता येतं. शाळेत माणसं आहेत, कदाचित होडी आहे. मण्यार असेल तर एकेक तास मोलाचा. भावाला वाचवायला त्याला एकटं टाकून जावं का? आजवर तिच्यापुढचा प्रश्न सोपा होता: सोडायचं नाही. आता सोडून जाणंच कदाचित त्याला जगवेल. धाकटा म्हणतो, "तू जाय ताई, मी बसतो." तो हे शूरपणाने म्हणतो की भीतीने, तेही तिला कळत नाही.

हे प्रकरण इथे थांबवून मी वर्गाला विचारलं. वर्ग दुभंगला. जावं म्हणणारे मोठ्याने बोलत होते, थांबावं म्हणणाऱ्या बहुतेक मुली होत्या. त्या देत होत्या ती कारणं मला अस्वस्थ करत होती: ताईने थांबायचंच असते, ताई कशी जाईल. आमच्याकडे भाऊ लहान असला की शाळा सुटते ती थोरलीची. तिच्या सोडून देण्याला आपण प्रेम म्हणतो आणि तिच्याकडून तेच पुन्हा मागतो. म्हणून मला तिचं थांबणं त्या कारणाने नको होतं. मी दोन्ही शेवट लिहून पाहिले. थांबवलं तिला, पण कारण डॉक्टरांनी दिलेलं. मण्यारच्या विषाने श्वास थांबला तरी तोंडाने श्वास देत राहिलं तर दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस जगू शकतो. स्काऊट-गाईडच्या शिबिरात तिने हे शिकलेलं आहे. त्या फांदीवर ती नसेल तर हे करणारं कोणी नाही. आणि अंधारात रपट्याच्या ओढीतून ती शाळेपर्यंत पोचेल याची शक्यता फार थोडी. ती हिशेब करते आणि थांबते. मनात क्षणभर असंही येऊन जातं की एकटी असते तर केव्हाच सुटले असते. हे वाक्य मुलांच्या पुस्तकात ठेवावं का, यावर आमची संपादकांशी बरीच चर्चा झाली. मी ते वर्गात वाचलं. कोणी दचकलं नाही. रोज भावाला घेऊन येणाऱ्या एका मुलीने एवढंच म्हटलं, "असं मनात येतेच मॅडम." वाक्य राहिलं.

मग धाकट्याची पाळी. आपल्याला काही होत नाहीये हे त्याला हळूहळू उमगतं, आणि ताईची मान खाली पडू लागलेली दिसते. झोपेत ती फांदीवरून गेली तर संपलं. आता तो तिला पाढे विचारतो, अकरावीच्या पुस्तकातलं विचारतो, बैलांची नावं उलटी म्हणायला लावतो. उजाडेपर्यंत तो तिला झोपू देत नाही. त्याला काय टोचलं होतं ते वाचकाला पुस्तकातच कळू दे.

प्रकरण कुठे तोडायचं हे मी झाडीपट्टीच्या नाटकांतून शिकले. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू झाली की आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटकं होतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्यांचं माहेर. थंडीत चादर गुंडाळून बसलेले प्रेक्षक पहाटेपर्यंत उठत नाहीत, कारण पडदा नेहमी कोणाच्या तरी अर्धवट निर्णयावर पडतो. माणूस दारात उभा आहे आणि आत जायचं की नाही ठरलेलं नाही, तिथे पडदा. मी संकटावर प्रकरण तोडायचं बंद केलं आणि निर्णयावर तोडू लागले. मुलं घंटा झाल्यावरही बसून राहू लागली.

संवाद सगळे आमच्या बोलीत आहेत, निवेदन पुस्तकी मराठीत. पुण्या-मुंबईच्या मुलांना समजेल का, ही शंका घेतली गेली. समजेल. आमच्या मुलांनी आजवर त्यांची भाषा समजून घेतलीच आहे.

शेवटच्या प्रकरणावरून मात्र खरा वाद झाला. सकाळी बचाव पथकाची नाव येते, तिथे पुस्तक संपवावं असं सुचवलं होतं. थरार तिथे संपतो हे खरं. पण पुरातून वाचलेल्या माणसाला नावेतून उतरल्यावर काय काय करावं लागतं, हे आमच्या मुलांनी पाहिलेलं आहे. चिखलाने भरलेलं घर, सडलेलं धान, गढूळ झालेली विहीर, आणि मग पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, घराची पडझड पूर्ण की अंशतः ते ठरतं. घर बाबांच्या नावावर, बाबा नागपूरला. थोरली पिशवीतली कागदं काढते, जी तिने त्या संध्याकाळी सगळ्यांत आधी उचलली होती. धाकटा शेजारी उभा राहून तिने विसरलेलं एकेक सांगतो. एक बैल परत आला, एक आला नाही. दावं सोडलं होतं हे तो तलाठ्याला दोनदा सांगतो. सगळं लिहून झाल्यावर थोरली म्हणते, अकरावीची पुस्तकं लिहा. त्याला रकाना नाही, असं उत्तर मिळतं. ती म्हणते, "मंग इतर मध्ये लिवा जी, पन लिवा."

हे प्रकरण मी काढू दिलं नाही. हस्तलिखित आता चित्रकाराकडे गेलं आहे आणि पहिल्या छापील प्रती शाळेच्या पेटीसाठी आधीच मागून ठेवल्या आहेत.